पेटंटची मुदत आणि औषधाची उपलब्धता : मुंबईतील निर्णय व ग्रामीण रुग्ण (इ.स. १९११ ते २०२५)

प्रस्तावना

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोताळा हे तालुक्याचे गाव आहे. कापूस व सोयाबीन यांवर गुजराण करणाऱ्या या परिसरातील मधुमेही रुग्णाच्या दृष्टीने ११ मार्च २०२५ ही तारीख महत्त्वाची होती, मात्र ती त्याला कोणी सांगितली असण्याची शक्यता कमीच. त्या दिवशी ‘एम्पाग्लिफ्लोझिन’ या मधुमेहावरील औषधाचे भारतातील पेटंट संपुष्टात आले. तोवर या औषधाची एक गोळी सुमारे ६० रुपयांस मिळत असे. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी तीच गोळी ५ ते १५ रुपयांच्या दरम्यान बाजारात आणली. महिन्याचा सुमारे १,८०० रुपयांचा खर्च दीडशे ते साडेचारशे रुपयांवर आला. औषधाचा रेणू तोच राहिला, बदलला तो त्यावरील कायदेशीर हक्क.

मूळ कंपनीच्या नाममुद्रेखाली विकले जाणारे औषध इतर उत्पादकांकडून स्वस्तात उपलब्ध होते, तेव्हा त्यास सामान्यतः जेनेरिक औषध म्हटले जाते. ते केव्हा उपलब्ध होते, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर सोपे आहे : पेटंटची मुदत संपली म्हणजे. कायद्याच्या पुस्तकापुरते हे उत्तर बरोबर आहे, तथापि भारताचा, विशेषतः मुंबईचा, गेल्या शतकाचा इतिहास पाहिला असता ते अपुरे ठरते. जेनेरिक औषध येण्याची तारीख येथे दिनदर्शिकेने क्वचितच ठरविली आहे. ती संसदेने, न्यायालयांनी, पेटंट कार्यालयातील अधिकाऱ्यांनी आणि काही प्रसंगी स्वतः रुग्णांनी ठरविली आहे. या इतिहासाचा मागोवा घेणे व कायद्याने मोकळे झालेले औषध तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचताना कोठे अडते हे पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१९११ चा कायदा व त्याचा फेरविचार

ब्रिटिश अमदानीत इ.स. १९११ मध्ये ‘इंडियन पेटंट्स अँड डिझाइन्स ॲक्ट’ संमत झाला. या कायद्यान्वये औषधी द्रव्यावरच पेटंट घेता येत असे. पेटंटची मुदत प्रारंभी १४ वर्षे होती, ती पुढे १६ वर्षे करण्यात आली. परिणामी, एखादे औषध निराळ्या पद्धतीने तयार करण्याचे ज्ञान भारतीय रसायनशास्त्रज्ञाजवळ असले तरी ते तयार करून विकण्याचा अधिकार त्याला नव्हता.

या स्थितीविरुद्ध मुंबईतून उठलेला एक प्रारंभीचा आवाज मेजर जनरल साहिब सिंग सोखी यांचा होता. परळ येथील हाफकिन संस्थेचे ते इ.स. १९३२ ते १९४९ या काळात संचालक होते. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. आधुनिक औषधे देशातच तयार झाली पाहिजेत आणि ती गरिबाला परवडली पाहिजेत, हा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. खाजगी क्षेत्रात ख्वाजा अब्दुल हमीद यांनी इ.स. १९३५ मध्ये मुंबईत ‘सिप्ला’ची स्थापना केली होती. सार्वजनिक क्षेत्रात इ.स. १९५४ मध्ये पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ स्थापन झाली आणि तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. म्हणजे कौशल्य होते, कारखाने उभे राहत होते, अडथळा कायद्याचा होता.

स्वातंत्र्यानंतर शासनाने इ.स. १९४८ मध्ये न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांच्या अध्यक्षतेखाली, तर इ.स. १९५७ मध्ये न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्याकडे पेटंट कायद्याच्या फेरविचाराचे काम सोपविले. अय्यंगार यांचा सप्टेंबर १९५९ मधील अहवाल या विषयातील मूलभूत दस्तऐवज मानला जातो. भारतातील ८० ते ९० टक्के पेटंट परकीयांच्या मालकीची असून त्यांपैकी फार मोठ्या भागाचा वापर भारतात उत्पादनासाठी होतच नाही, हे त्यांनी दाखवून दिले. याच सुमारास अमेरिकेच्या सिनेटमधील एस्टेस केफॉव्हर यांच्या उपसमितीसमोर औषधांच्या किमतींची चौकशी चालू होती आणि काही औषधांच्या भारतातील किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींत मोडतात, ही बाब तेथे उघड झाली. गरीब देशात औषध सर्वांत महाग असावे, हा योगायोग नव्हता. स्पर्धेला कायद्याने बंदी असली की किंमत ग्राहकाच्या ऐपतीवरून ठरत नाही.

तरीही नवा कायदा व्हावयास आणखी अकरा वर्षे लागली. इ.स. १९६५ चे विधेयक मुदतीत संमत झाले नाही, इ.स. १९६७ मध्ये ते पुन्हा मांडावे लागले. अखेर ‘पेटंट्स ॲक्ट, १९७०’ संमत होऊन तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५ अन्वये औषधाच्या द्रव्यावर पेटंट मिळणे बंद झाले. ते द्रव्य तयार करण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळू शकत होते, तेही पेटंट मुद्रांकित झाल्यापासून ५ वर्षे किंवा पेटंटच्या दिनांकापासून ७ वर्षे, यांपैकी जी मुदत आधी संपेल तेवढेच. वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध तयार करणे आता गुन्हा राहिला नाही.

याचा अर्थ असा की, १९७२ ते २००४ या काळात ‘जेनेरिक औषध केव्हा येईल’ हा प्रश्न भारतात बहुतांशी रसायनशास्त्राचा प्रश्न होता. पाश्चात्त्य देशांत पेटंट चालू असतानाच भारतीय कंपनीला पर्यायी प्रक्रिया सापडली की औषध बाजारात येत असे. १९७० च्या सुमारास औषध बाजाराचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा विदेशी कंपन्यांकडे होता, पुढील तीन दशकांत हे चित्र उलटले. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा उपचार दर रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दर्शविली. तोवर श्रीमंत देशांत त्याच उपचाराचा वार्षिक खर्च १०,००० डॉलरच्या वर होता. जागतिक औषधनीतीला वळण देणारा हा प्रस्ताव १९७० च्या कायद्यावाचून संभवला नसता.

नावाचा प्रश्न

पेटंट व नाममुद्रा या दोन भिन्न गोष्टी आहेत, याकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पेटंट संपते, नाममुद्रा संपत नाही. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने इ.स. १९७५ मध्ये नाममुद्रा टप्प्याटप्प्याने रद्द कराव्यात व आरंभ १३ औषधांपासून करावा, अशी शिफारस केली. शासनाने प्रत्यक्षात ॲस्पिरिन, ॲनाल्जिन यांसारख्या अवघ्या पाच औषधांची निवड केली आणि तो निर्णयही न्यायालयात अडकला. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटना व डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी औषधे मूळ नावाने लिहिली जावीत यासाठी दीर्घकाळ लोकशिक्षण केले. परंतु धोरणाच्या पातळीवर हा प्रश्न लोंबकळतच राहिला. भारतात स्वस्त औषधांचे उत्पादन झाले, पण त्यांपैकी बहुसंख्य औषधे पुन्हा निरनिराळ्या नाममुद्रांखालीच विकली गेली. त्याचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

२००५ नंतर : मुंबईतील तीन प्रकरणे

एप्रिल १९९४ च्या माराकेश करारानंतर जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली व बौद्धिक संपदेविषयीचा करार भारताला बंधनकारक झाला. औषधांवर उत्पादन पेटंट देण्यासाठी भारताला १ जानेवारी २००५ पर्यंत अवधी मिळाला. मधल्या काळातील अर्ज एका ‘टपालपेटी’त साठविले जात होते. इ.स. २००२ च्या दुरुस्तीने पेटंटची मुदत २० वर्षे झाली आणि इ.स. २००५ च्या दुरुस्तीने औषधावरील उत्पादन पेटंट पुन्हा आले. मात्र डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे व नागरी संघटनांच्या दबावामुळे संसदेने कायद्यात काही दारे उघडी ठेवली. ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज त्यावर पेटंट देता येणार नाही, असे कलम ३(ड) सांगते. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीस हरकत घेता येते, अशी तरतूद कलम २५ मध्ये आहे. पेटंट दिल्यापासून तीन वर्षांनी सक्तीचा परवाना मागता येतो, हे कलम ८४ मध्ये नमूद आहे. कलमे कागदावर राहिली असती, तर हा इतिहास येथेच संपला असता. ती वापरली गेली, आणि त्यांतील महत्त्वाचे प्रसंग मुंबईशी निगडित आहेत.

पहिले प्रकरण रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ अर्थात इमॅटिनिब मेसिलेट या औषधाचे. इ.स. २००३ मध्ये नोव्हार्टिस कंपनीला त्याच्या विक्रीचे अनन्य हक्क मिळाले. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. भारतीय औषध सुमारे ८,००० ते १०,००० रुपयांत मिळत होते. या हक्कांच्या आधारे मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांविरुद्ध अंतरिम मनाई केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई करण्यास नकार दिला. एकाच देशात, एकाच औषधाबाबत दोन न्यायालयांची भूमिका भिन्न होती. पेटंट मंजुरीविरुद्धची हरकत मुंबईच्या ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ या रुग्णसाहाय्य संस्थेने व काही कंपन्यांनी घेतली आणि जानेवारी २००६ मध्ये चेन्नई पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचे अपील फेटाळून कलम ३(ड) चा अर्थ निश्चित केला. मलकापूर स्थानकावर रेल्वेगाडी धरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्या वऱ्हाडातील कर्करोगग्रस्तांसाठी हा अर्थ केवळ कायद्याचा नव्हता. ही गोळी बहुधा वर्षानुवर्षे रोज घ्यावी लागते आणि दरमहा लाख-सव्वालाख हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात बसणारा आकडाच नाही.

दुसरे प्रकरण ‘नेक्साव्हर’चे. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचे पेटंट बायर कंपनीस मार्च २००८ मध्ये मिळाले. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे २,८०,००० रुपये होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने ऐच्छिक परवाना मागितला, तो मिळाला नाही, तेव्हा तिने सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्यावर पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबई येथे ९ मार्च २०१२ रोजी आदेश दिला. पेटंट संपावयास तेव्हा सुमारे आठ वर्षे शिल्लक होती.

हा आदेश बारकाईने पाहण्याजोगा आहे. कायद्याने सांगितलेल्या तीनही निकषांवर तो उभा होता : लोकांची वाजवी गरज भागलेली नाही, किंमत परवडणारी नाही आणि शोधाचा भारतात वापर होत नाही, केवळ आयात होते. गरजू रुग्णांपैकी दोन टक्क्यांहून किंचित अधिक रुग्णांपर्यंतच औषध पोहोचत असल्याचे महानियंत्रकांनी नमूद केले. हा आकडा बाहेरच्या कोणा टीकाकाराचा नव्हता, कंपनीने कायद्यानुसार दाखल केलेल्या वापर-विवरणपत्रांतील माहितीचा त्यास आधार होता. सिप्ला कंपनी तेच औषध सुमारे ३०,००० रुपयांस विकत असल्याने रुग्णांची गरज भागते, असाही युक्तिवाद बायरतर्फे करण्यात आला. त्याच वेळी बायर सिप्लाविरुद्ध पेटंटभंगाचा दावा लढवीत होती. ज्या पुरवठ्यावर बंदी आणावयाची, त्याच पुरवठ्याचा बचावासाठी आधार घ्यावयाचा, ही विसंगती महानियंत्रकांच्या नजरेतून सुटली नाही. परवाना मंजूर झाला. किंमत ८,८८० रुपये, स्वामित्वशुल्क ६ टक्के आणि वर्षाला ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत, अशा अटी होत्या. अपिलात स्वामित्वशुल्क ७ टक्के झाले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये आदेश कायम केला व डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला.

यानंतर मात्र हे दार जवळजवळ मिटले. मुंबईच्याच बीडीआर फार्मास्युटिकल्स कंपनीचा डॅसाटिनिबसाठीचा अर्ज इ.स. २०१३ मध्ये फेटाळला गेला, ली फार्माचा मधुमेहावरील सॅक्साग्लिप्टिनसाठीचा अर्ज इ.स. २०१६ मध्ये. नव्या कायद्याखाली देशांतर्गत पुरवठ्यासाठी दिलेला सक्तीचा परवाना नेक्साव्हरचाच, एकमेव.

तिसरे प्रकरण क्षयरोगावरील ‘बेडाक्विलीन’चे. चार दशकांनंतर क्षयरोगासाठी आलेल्या नव्या वर्गातील या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी सर्व ज्ञात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या नोंदीने देशाचे लक्ष वेधले होते. म्हणजे रोग येथे होता, औषध बाहेर होते. भारतात ते मार्च २०१६ मध्ये सशर्त उपलब्ध झाले, तेही मोजक्या शहरांतील सहा केंद्रांत. पाटण्याहून दिल्लीस आलेल्या एका तरुणीला ती दिल्लीची रहिवासी नाही या कारणाने ते नाकारले गेले आणि इ.स. २०१७ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावरच तिला ते मिळाले. लहान गावच्या रुग्णाला औषधाची दुर्मीळता कोणत्या रूपात भेटते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

बेडाक्विलीनच्या मूळ द्रव्याचे पेटंट १८ जुलै २०२३ रोजी संपणार होते. परंतु त्याच द्रव्याच्या फ्युमरेट क्षारावर जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने स्वतंत्र अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता, तर मक्तेदारी डिसेंबर २०२७ पर्यंत चालली असती. या अर्जाविरुद्ध दोन स्त्रियांनी हरकत घेतली : मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघीही क्षयरोगातून बऱ्या झालेल्या होत्या आणि जुन्या, विषारी औषधांमुळे दोघींनीही श्रवणशक्ती गमावली होती. मुंबई पेटंट कार्यालयाने २३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, कंपनीचा अर्ज फेटाळला.

जुलै २०२३ नंतर ल्युपिन व मॅक्लिऑड्स या मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांच्या जेनेरिक औषधांचा मार्ग मोकळा झाला. सहा महिन्यांच्या उपचाराची जागतिक खरेदी-यंत्रणेतील किंमत अडीचशे डॉलरहून अधिक होती. ती ऑगस्ट २०२३ मध्ये १३० डॉलरपर्यंत खाली आली, आणि विशेष म्हणजे ही नीचांकी किंमत मूळ कंपनीनेच देऊ केली होती. स्पर्धक दारात उभा राहिला की मूळ उत्पादकालाही किंमत कमी करणे शक्य होते, हे यातून दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलीनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात स्वीकारला. पूर्वी अशा रुग्णाला वीस महिन्यांपर्यंत उपचार घ्यावे लागत. हे औषध शासकीय क्षयरोग कार्यक्रमातून विनामूल्य मिळत असल्याने मोताळ्यातील रुग्णाला त्याची किंमत कधी कळणार नाही. चार वर्षे अलीकडे आलेली तारीख त्याच्या लेखी खर्चाच्या नव्हे, पुरवठ्याच्या रूपाने अस्तित्वात असते.

दुकानाच्या उंबरठ्यावर

ज्या दारांमुळे ही प्रकरणे घडली, ती अलीकडे अरुंद होत आहेत. मार्च २०२४ मध्ये अंमलात आलेल्या पेटंट नियमांतील दुरुस्तीने मंजुरीपूर्व हरकतीसाठी शुल्क लागू केले आणि हरकत ग्राह्य आहे की नाही हे आधी तपासण्याचा अधिकार नियंत्रकास दिला. पेटंटच्या वापराचे विवरणपत्र आता दरवर्षी नव्हे, तीन वर्षांतून एकदा द्यावे लागते. नेक्साव्हर प्रकरणात दोन टक्क्यांचा आकडा ज्या कागदांतून मिळाला, तेच हे कागद होत. औद्योगिक सुलभतेच्या दृष्टीने या बदलांचे समर्थन केले जाते, तथापि रुग्णाच्या बाजूने पाहता पुराव्याचा एक नियमित स्रोत त्यामुळे आटला आहे.

दुसरा अडसर पेटंट कायद्याबाहेरचा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम ६५ (११-अ) प्रमाणे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधाऐवजी दुकानदाराला दुसरे औषध देता येत नाही, मग त्यातील घटक तोच असला तरीही. अनेक पाश्चात्त्य देशांत औषधनिर्माता अशी अदलाबदल करू शकतो. भारतात चिठ्ठीवर नाममुद्रा लिहिली असेल, तर तीच द्यावी लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ नावाने औषध लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक केले होते. डॉक्टरांच्या संघटनांनी गुणवत्तेची हमी कोण देणार, असा प्रश्न उपस्थित केला आणि त्याच महिन्यात ते विनियम स्थगित झाले. हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही, राज्यांची औषध तपासणी यंत्रणा अपुरी आहे. परंतु नाममुद्रांखाली विकली जाणारी औषधेही त्याच यंत्रणेतून तपासली जातात, ही बाब या चर्चेत सहसा मागे पडते. इ.स. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची केंद्रे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा हजारांवर गेली. तथापि नाममुद्रा लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलेला रुग्ण तेथेही त्याच नियमापाशी थबकतो.

त्यामुळे ११ मार्च २०२५ नंतरही मोताळ्यातील एखाद्या रुग्णाच्या हातात ६० रुपयांच्या गोळीचेच नाव लिहिलेली जुनी चिठ्ठी असू शकते. औषध दुकानाच्या फळीवर त्याच द्रव्याची दहा रुपयांची गोळी ठेवलेली असली, तरी डॉक्टरांनी चिठ्ठी बदलून देईपर्यंत ती त्याला देण्यास दुकानदाराला नियमाने मुभा नाही. आणि चिठ्ठी बदलून मागण्यासाठी मुळात अशी दुसरी गोळी आली आहे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.